घरच्या जेवणाचा हिशेब : गिरणगाव, खानावळ आणि डबा

बाहेरचे खाऊ नये, घरचे खावे, हा उपदेश मराठी माणसाला नवा नाही. डॉक्टर तो करतात, वृत्तपत्रांच्या पुरवण्या करतात आणि घरातली वडीलधारी मंडळी तर केव्हापासून करत आली आहेत. त्यामागची कारणेही ठरलेली आहेत. घरचे जेवण स्वस्त पडते, तेल-मीठ-तिखट आपल्या हातात राहते, अन्न ताजे मिळते आणि चार माणसे एकत्र बसून जेवतात. यातले एकही कारण खोटे नाही आणि मला त्यांच्याशी भांडायचेही नाही. हे फायदे मुंबईसारख्या शहरात कोणाला मिळाले, कसे मिळाले आणि ते मिळावेत म्हणून कोणी काय मोजले, एवढेच मला या लेखात पाहायचे आहे.

त्यासाठी गिरणगावाइतकी चांगली जागा दुसरी नाही. तिथे हजारो पुरुष घराविना राहत आणि तरीही शक्यतो घरचेच जेवत. 'घरचे जेवण' ही वस्तू तिथे घरापासून सुटी झाली. तिला महिन्याचा भाव आला, तिच्यावर उधारी चालली, ती डब्यात बसून गिरणीच्या दारापर्यंत आणि पुढे आगगाडीने कचेरीपर्यंत गेली. एरवी चार भिंतींत जिरून जाणारा हिशेब अशा ठिकाणी उघड्यावर येतो.

मी इतिहासाची पदवीधर नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, आणि आयुष्याची बरीच वर्षे जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेली. पुढे ग्रंथालयात बसून जुने सरकारी अहवाल वाचायचा नाद लागला तेव्हाही नजर तीच राहिली. कोणता खर्च मांडला आहे हे पाहण्याआधी कोणता मांडलेला नाही, हे मी पाहते. हा लेख त्या सवयीतून आला आहे.

घर नसलेल्यांचे शहर

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिथे सूत निघू लागले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी, नायगाव या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. कामाला माणसे आली ती कोकणातून, प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि घाटावरून, म्हणजे सातारा, पुणे, कोल्हापूर, नगर या बाजूंनी. आली ती बहुतेक एकटी. बायको-मुले गावी, शेतीचा तुकडा गावी, म्हातारे आईबाप गावी. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सुमारे सव्वापाचशे. शहरातच जन्मलेल्यांचे प्रमाण शेकडा वीसच्याही खाली होते.

एवढी माणसे राहत कुठे? चाळीतल्या एका खोलीत, म्हणजे गिरणगावच्या भाषेत गाळ्यात, एका गावची दहा-पंधरा माणसे मिळून राहत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीची माणसे उठली की त्याच जागेवर रातपाळीची माणसे पाठ टेकत. काही गावांनी वर्गणी काढून गावाच्या नावाने खोल्या घेतल्या होत्या. नव्याने आलेला तरुण आधी तिथे उतरे आणि नोकरी लागली की वर्गणीदार होई.

अशा माणसापुढे जेवणाचे तीन मार्ग होते. खोलीतल्यांनी पाळीपाळीने रांधायचे, हा पहिला. दहा-अकरा तास यंत्रापुढे उभे राहून आलेल्या माणसाने चूल फुंकणे किती दिवस जमणार, हे सांगायला नको. दुसरा मार्ग हॉटेलचा. इराण्याच्या हॉटेलात चहा-पाव मिळे, पण दोन वेळचे पोट त्यावर भरत नाही. तिसरा मार्ग म्हणजे खानावळ, आणि गिरणगावातला एकटा पुरुष मुख्यतः याच मार्गाने जेवला.

खानावळ म्हटल्यावर बाके मांडलेले दुकान डोळ्यांसमोर आणू नये. गिरणगावातली खानावळ म्हणजे बहुधा एका बाईचे घर. त्याच एका खोलीत तिचा नवरा, मुले, सासू राहत आणि त्याच खोलीत पाच-दहा, कधी वीस परके पुरुष पाळीपाळीने येऊन जेवत. खानावळवाली बहुतेक वेळा जेवणाऱ्यांच्या मुलुखातली, पुष्कळदा त्यांच्याच गावची किंवा नात्यातली असे. जेवणारे तिला मावशी म्हणत, वहिनी म्हणत. कोकण्याला भात आणि माशाचे कालवण हवे, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत कोरड्यास हवे. त्यांना गावाकडच्या चवीचे जेवण त्यांच्या खिशाला परवडेल अशा दरात मिळे. एका चुलीवर वीस माणसांचे रांधले की जळण वाचते, धान्य एकदम भरले की भाव बरा मिळतो आणि दुकानाचे भाडे द्यावे लागत नाही. खानावळ हॉटेलपेक्षा स्वस्त पडे, त्याची ही उघड कारणे. आणखी एका कारणाकडे मी पुढे येते.

१९२३ चा अहवाल

मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिस काढले. त्याचे प्रमुख फिंडले शिरास यांनी १९२१-२२ साली शहरातल्या कामगारांच्या खर्चाची पाहणी केली आणि १९२३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. २,४७३ कुटुंबांची आणि ६०३ एकट्या पुरुषांची अंदाजपत्रके त्यासाठी गोळा केली होती. गरीब माणूस काय खातो आणि त्यासाठी किती मोजतो, याची शहराने प्रथमच एवढ्या बारकाईने नोंद केली, म्हणून हा अहवाल मला मोलाचा वाटतो.

त्यातले तीन निष्कर्ष आपल्या विषयाला धरून आहेत. पहिला असा की कुटुंबाच्या खर्चातल्या शंभर रुपयांपैकी सुमारे ५७ रुपये अन्नावर जात, आणि सरपण व दिवाबत्तीचे सातेक रुपये वेगळे. दुसरा निष्कर्ष त्या काळी बराच गाजला. कामगार खात होता तेवढे धान्य दुष्काळी कामांवरच्या मजुराला सरकारी नियमाने मिळणाऱ्या कमाल शिध्याइतके भरे, पण मुंबई इलाख्याच्या तुरुंगातल्या कैद्याला ठरवून दिलेल्या आहारापेक्षा कमी भरे. तिसरा कर्जाचा. जवळजवळ निम्मी कुटुंबे सावकाराच्या देण्यात होती आणि व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला दरमहा एक आणा, म्हणजे सालीना ७५ टक्के होता.

यावरून घरच्या जेवणाच्या फायद्याबद्दल एक गोष्ट दिसते. मिळकतीतला निम्म्याहून अधिक पैसा अन्नावर जात असताना त्या पैशात घरातली चार-पाच माणसे जगली, ती केवळ रांधणारे हात घरात होते म्हणून. त्याच पैशात हॉटेलात जेवायचे म्हटले असते तर महिन्याचे पहिले काही आठवडेही निघाले नसते. घरी रांधणे त्या माणसांना परवडत होते, किंबहुना तेवढेच परवडत होते.

आता न मांडलेल्या रकान्याकडे येते. कुटुंबाच्या अंदाजपत्रकात तांदूळ आहे, ज्वारी-बाजरी आहे, डाळ, तेल, मिरची, सरपण सगळे आहे. तांदूळ निवडायचा, नळावर पहाटे रांगेत उभे राहून पाणी भरायचे, पाट्यावर वाटण वाटायचे, शेगडी पेटवायची, भाकऱ्या थापायच्या, भांडी घासायची, यांपैकी काही त्यात नाही. त्यासाठी पैसे मोजले जात नव्हते, म्हणून ते येण्याचे कारणही नव्हते. शिरास यांना दोष देण्याचा प्रश्न नाही. ते घराचा पैशातला खर्च मोजत होते आणि त्यांनी तो चोख मोजला. पण खानावळीत जेवणारा एकटा पुरुष महिन्याकाठी जे पैसे देई त्यात धान्याच्या आणि सरपणाच्या किमतीबरोबर रांधणाऱ्या बाईच्या श्रमाचाही काही भाग असणारच. तेच काम कुटुंबाच्या वहीत शून्य होते. एकाच चाळीत, एकाच मजल्यावर, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत एकाच कामाची किंमत एकीकडे काही तरी होती आणि दुसरीकडे काहीच नव्हती.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. त्या काळी गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. वाइंडिंग आणि रीलिंग ही खाती तर बायकांचीच मानली जात. १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली. म्हणजे मर्यादा पाळली तरी दहा-अकरा तास गिरणीत उभी राहणारी बाई पहाटे उठून घरचे रांधून जाई आणि परत आल्यावर पुन्हा चुलीपुढे बसे. तिच्या घरचे जेवण स्वस्त होते याचा अर्थ तिची झोप स्वस्त होती.

खानावळवालीचा दिवस आणि तिचे भांडवल

गिरण्यांत तीन पाळ्या सुरू झाल्यावर वेळा ठरून गेल्या. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी मध्यरात्री. खानावळवालीला मात्र तिन्ही पाळ्या. सातच्या पाळीवाल्याचा डबा साडेसहाच्या आत तयार हवा, रातपाळी करून आलेला सकाळी जेवून झोपणार, दुपारपाळीवाला दीड-दोनला जेवून निघणार आणि मध्यरात्री सुटलेल्याचे ताट झाकून ठेवावे लागणार. घरची मुले शाळेला जायची ती वेगळी. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माझ्या वयाच्या कोणालाही विचारा, जिन्यातून एकाच वेळी वर येणारे आणि खाली जाणारे जेवणकरी त्याला आठवतील.

या धंद्याला भांडवल लागे, ते कोणाच्या नजरेस येत नसे. जेवणाऱ्याचा पगार महिन्याने होई आणि पगार झाल्यावर तो खानावळीचे पैसे देई. म्हणजे महिनाभर वीस माणसांना जेवू घालायचे ते खानावळवालीने स्वतःच्या जिवावर. धान्य वाण्याकडून उधार, तो भाव चढा लावणार. हाती रोख हवी तर सावकार, त्याचा दर वर आलाच आहे. भांडीकुंडी, मंगळसूत्र, कानांतली फुले गहाण पडत आणि सुटत. शिमग्याला आणि गणपतीला जेवणारे गावी निघून जात, त्या दिवसांचे पैसे बुडत. कोणी आजारी पडला, कोणाची बदली सुटली, कोणी पैसे न देताच गाव गाठले, तर तेही बुडत.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर शहरातल्या सर्वांत मोठ्या उद्योगाच्या मजुरांचा महिनाभराचा शिधा या बायका उधारीवर पुरवत होत्या. गिरणी पगार महिन्याने देई, मजूर तेवढे दिवस तग धरे तो खानावळवालीच्या उधारीवर. खानावळ स्वस्त का पडे, याचे मी मागे ठेवलेले कारण हेच. तिथल्या दरात बाईच्या श्रमाचा थोडा भाग धरलेला असे, बाकीचा ती आणि तिच्या घरच्या मुली सोसत, आणि उधारीवर तर ती जेवणाऱ्यांकडून व्याजही घेत नसे.

घरचे म्हणजे कोणाचे?

घरच्या जेवणाची बाजू मांडताना एक कोपरा आपण टाळतो, तो जातीचा. बाहेरचे खाऊ नये, या उपदेशाचे मूळ आरोग्यात जेवढे होते तेवढेच सोवळ्यात होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात मराठी माणसांनी उपाहारगृहे काढली तेव्हा मालकाची आणि आचाऱ्याची जात पाटीवर लिहिलेली असे, कारण तिच्याशिवाय गिऱ्हाईक पायरी चढत नसे. दादरला १९१० मध्ये मामा काणे यांचे प्रसिद्ध उपाहारगृह सुरू झाले. त्याच्या मूळ नावातही दक्षिणी ब्राह्मणाचे आणि स्वच्छ हे दोन शब्द शेजारी शेजारी होते. आजच्या वाचकाला ते दोन वेगळे गुण वाटतील. तेव्हाच्या गिऱ्हाइकाला ते एकच वाटत.

गिरणगावातल्या खानावळीही जातीजातींच्या होत्या. दलित कामगाराला सवर्णाच्या खानावळीत पंगत मिळत नसे. त्याच्या समाजातल्या बाईने खानावळ काढली असेल तर ठीक, नाहीतर हाताने रांधायचे. गिरणीतही तेच. पाण्याची भांडी वेगळी होती आणि जास्त मजुरीचे विणकाम खाते दलितांना बंद होते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि दुसऱ्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला.

अशा माणसाला बाहेर खाण्याचा अर्थ वेगळा होता. पैसे टाकले की कोणाच्याही पुढ्यात येणारा इराण्याचा चहा ही त्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. मुंबईबाहेरचे एक उदाहरण तर महाराष्ट्राला ठाऊकच आहे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठबळावर चहाचे हॉटेल काढले आणि अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक बिचकत होते, म्हणून महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा पीत. भारताच्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांत प्रवेशाचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहावा लागला, तो याच इतिहासामुळे. म्हणून घरचे ते पवित्र आणि बाहेरचे ते बाटलेले, या भाषेत मी घरच्या जेवणाची बाजू मांडणार नाही. घरच्या जेवणाचे फायदे खरे आहेत, पण ते तेल-मिठाचे, पैशाचे आणि सोबतीचे आहेत. सोवळ्याचे नाहीत.

डब्याची कीर्ती

गिरणगावाबाहेर, कचेरीतल्या कारकुनाच्या बाबतीत, घरच्या जेवणाने दुसरी वाट शोधली. ती डब्याची. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवण्याचे काम संघटित केले, असे डबेवाल्यांची परंपरा सांगते. या धंद्यातली माणसे मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली. सकाळी नऊ-दहाच्या दरम्यान घराघरांतून डबे गोळा होतात, स्टेशनवर त्यांची वाटणी होते, लोकलच्या लगेज डब्यातून ते दक्षिणेकडे जातात, उतरल्यावर पुन्हा वाटणी होते आणि साडेबारा-एकपर्यंत डबा टेबलावर येतो. रिकामा डबा त्याच वाटेने संध्याकाळपर्यंत घरी परततो. पूर्वी रंगीत दोऱ्यांनी आणि चिंध्यांनी खुणा करत, पुढे झाकणावर रंगाने अक्षरे आणि आकडे आले. करोनापूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले दररोज दीड-दोन लाख डबे पोचवत, असे त्यांच्या संघटना सांगत.

या व्यवस्थेचे कौतुक जगभर झाले. २००३ मध्ये प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला येऊन डबेवाल्यांना भेटले. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे कौतुक रास्तच आहे. मला खटकते ते एवढेच की डबा वेळेवर कसा पोचतो यावर इतके लिहिले गेले आणि तो वेळेवर भरतो कसा, यावर फारसे कोणी लिहिले नाही. नऊ वाजता डबेवाला दारात उभा राहतो तेव्हा पोळ्या, भाजी, आमटी, भात हे सगळे होऊन डब्याचे पुडे लागलेले असावे लागतात. डबेवाला थांबत नाही, कारण त्याची लोकल थांबत नाही. म्हणजे लोकलच्या वेळापत्रकाची एक ओळ विरार-कल्याणच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेली आहे. या साखळीत चूक क्वचित होते असे म्हणतात, आणि तिची पहिली कडी जिच्या हातात आहे तिचा पगार आणि सुटी दोन्ही ठरलेले नाहीत.

मध्यमवर्गीय गृहिणीसाठी निदान पुस्तके लिहिली गेली. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापे देऊन नव्या संसारांना हात दिला. खानावळवालीचे असे पुस्तक नाही. वीस माणसांचे कालवण एका नारळात कसे भागवायचे, हे ती कोणाकडून शिकली आणि तिने कोणाला शिकवले, याची छापील नोंद मला मिळालेली नाही. ओळखीच्या दोन घरांतल्या जुन्या वह्या पाहायला मिळाल्या. त्यांत नावे आणि येणे-देणे आहे, कालवण नाही.

संप

खानावळवालीची खरी किंमत संपात कळे. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद होत्या आणि सुमारे दीड लाख कामगार घरी बसले होते. पगार नाही म्हणजे खानावळीचे पैसे नाहीत. पुष्कळ जण गावी गेले. जे राहिले, त्यांना कोणी तरी जेवू घातले, म्हणून संप इतका टिकला. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे आहेत, युनियनच्या सभासदांचे आकडे आहेत. उधारीवर जेवू घालणाऱ्या बायकांचा आकडा कोणी काढला नाही.

तो विचार पुढे एका बाईनेच केला. प्रेमाताई पुरव मूळच्या गोव्याच्या. गोवामुक्तीच्या लढ्यात त्यांच्या पायाला गोळी लागली होती. मुंबईत डाव्या कामगार चळवळीत काम करताना, सत्तरच्या दशकातल्या संपांत त्यांच्या लक्षात आले की कामगाराला युनियन आहे, पण त्याला जेवू घालून स्वतः कर्जात बुडणाऱ्या खानावळवालीला कोणी नाही. कायद्याच्या लेखी ती कामगारच नव्हती. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि लहान माणसाला कर्ज देण्याची भाषा सुरू झाली होती. त्या वाऱ्याचा फायदा घेऊन मंडळाने खानावळवाल्यांचे गट केले, एकमेकींना जामीन ठेवले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराच्या दराऐवजी बँकेचा दर लागला, एवढ्या एका बदलाने त्याच भाकरीतून बाईच्या हाती चार पैसे उरू लागले. स्वयंपाक तोच आणि जेवणारे तेच होते, फक्त तिच्या भांडवलाला पहिल्यांदा भांडवल म्हटले गेले.

मंडळ सुरू होऊन सातच वर्षे झाली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि अनेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले नाहीत. कामगारांच्या वाताहतीवर पुष्कळ लिहिले गेले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात सामान्य बायकांचे आवाजही ऐकू येतात. पण खानावळवालीचे नुकसान भरपाईच्या कोणत्याही यादीत बसत नव्हते. गिरणी कामगाराला ग्रॅच्युइटी आणि थकबाकी यांसाठी निदान भांडता आले. त्याच्याकडे येणे असलेल्या बाईने कोणाशी भांडायचे? तो गावी निघून गेला होता आणि त्याच्याकडेही काही नव्हते.

आजचा हिशेब

गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. खानावळी बहुतेक मिटल्या, काहींची पोळी-भाजी केंद्रे झाली. आज मुंबई, ठाणे, पुण्यात नोकरी करणारी जोडपी संध्याकाळी तिथे रांगेत उभी असतात आणि घरी भात-आमटी करून वेळ भागवतात. तिकडे बाहेरचे खाणेही वाढले आहे. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत शहरी भारताच्या दरडोई खर्चातल्या शंभर रुपयांपैकी सुमारे अकरा रुपये पेये, तयार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर गेलेले दिसतात. डॉक्टरांची काळजी अनाठायी नाही. हॉटेलच्या भाजीत तेल आणि मीठ किती पडले, हे खाणाऱ्याला कळत नाही, घरी ते कळते. पैशाचा हिशेबही शिरास यांच्या काळापासून बदललेला नाही. ज्याची मिळकत थोडी, त्याला घरी रांधण्याखेरीज गत्यंतर नाही.

पण आता न मांडलेला रकानाही मोजला गेला आहे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. त्यातही असे काम करणारे पुरुष मुळात शंभरात २७ च आहेत, स्त्रिया ८१ हून अधिक. या मिनिटांतला मोठा वाटा स्वयंपाकघरातला असतो, हे कोणत्याही घरात कळते.

मग घरचे जेवण स्वस्त आहे का? माझे उत्तर असे की ते पैशाने स्वस्त आहे, वेळाने महाग आहे, आणि हा वेळ घरातल्या एकाच माणसाने मोजायचा असे ठरलेले असल्यामुळे बाकीच्यांना ते फुकट वाटते. खानावळीने शंभर वर्षे हेच दाखवून दिले. एका खोलीतल्या बाईने वीस माणसांना घरचे जेवण देऊन त्यांची प्रकृती, पैसा आणि गावाची चव तिन्ही सांभाळली, आणि तिच्या श्रमाला थोडी का होईना किंमत मिळाली तेव्हा तिच्याही घराला आधार झाला. बँकेचे कर्ज मिळाले तेव्हा तो वाढला. घरी रांधा, बाहेर खाऊ नका, असे सांगताना रांधायचे कोणी, हे वाक्य गाळू नये. दोघांनी मिळून रांधले, मुलग्यांनाही शिकवले, किंवा शेजारच्या पोळी-भाजीवाल्या बाईला योग्य दाम दिले, तर घरच्या जेवणाचे सगळे फायदे शिल्लक राहतात आणि हिशेबही जुळतो.

शेवटी वाचकांना एक विनंती. लालबाग, परळ, नायगाव, वरळी, डिलाईल रोड या भागांतल्या ज्या घरांत एके काळी खानावळ होती, तिथे माळ्यावर किंवा ट्रंकेच्या तळाशी जेवणाऱ्यांच्या नावांची एखादी वही पडून असू शकेल. नाव, गाव, किती ताटे, किती आले, किती राहिले, एवढेच तिच्यात असेल. घर आवरताना ती रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयात नेऊन दाखवा, निदान तिची छायाप्रत काढून ठेवा, आणि आजी किंवा आई असेल तर तिच्याजवळ बसून प्रत्येक नावापुढे तिला काय आठवते ते लिहून घ्या. गिरण्यांचे ताळेबंद दफ्तरांत सापडतात. या वह्या मात्र त्या घरांखेरीज कुठेही नाहीत.